तर्फाच्या अंगणाचा पत्रा

मित्रांनो, रियाधच्या नव्या वसाहतीतल्या एका बंगल्याच्या अंगणाच्या भिंतीवर आम्ही चौदा पन्हळी पत्रे होतो. अकरा कोरे, दोन पोचे पडलेले आणि कडेला भोक असलेला एक. तो भोकाचा मी.

घर दाखिल यांचं. शेजारीपाजारी त्यांना अबू नासिर, म्हणजे नासिरचे वडील, म्हणत. सरकारी नोकरीमुळे जुन्या शहरातलं मातीचं घर सोडून ते या बंगल्यात आले. इथे रस्ते सरळ होते, दिवे विजेचे होते. पहिल्याच संध्याकाळी त्यांची बायको तर्फा कहव्याची किटली घेऊन अंगणात आली. शेजारच्या माडीची खिडकी उघडी दिसली, तशी आल्या पावली आत गेली.

"आपल्या घरात अंगण खोल्यांच्या मधोमध होतं," ती म्हणाली. "हे घर उलटं शिवलंय. शिवण बाहेर!"

"अगं, सगळ्या अधिकाऱ्यांना असंच मिळालंय."

"मग सगळ्या अधिकाऱ्यांनी बसावं अंगणात."

आठवड्याभरात ती खिडकी झाकायला आम्हाला भिंतीवर उभं ठोकलं. माडीवाला शेजारी गल्लीतून ओरडला, "अबू नासिर, आत उंट पाळलेत काय?"

"तुमच्या खिडकीला विचारा!" दाखिल आतून म्हणाले.

त्या हिवाळ्यात तर्फा रोज बाहेर बसली. तिने लिंबाचं रोप लावलं. माझ्याइतकं कामाचं कोणी नाही, असं मला वाटू लागलं.

मग उन्हाळा आला. दिवसभर पोटात साठलेली धग मी संध्याकाळी तिच्या अंगावर सोडू लागलो. वाराही मीच अडवला होता. लिंबाची पानं कडेने करपली. तर्फाची मुलगी मुदी कॉलेजात विज्ञान शिकत होती. तिने एक तापमापक गल्लीत टांगला, एक अंगणात. गल्लीत सदतीस अंश, अंगणात बेचाळीस.

"पत्रे काढले तर बसशील?" दाखिल यांनी विचारलं.

"त्या खिडकीसमोर? नाही."

"आणि ठेवले तर?"

तर्फाने ओढणीने मान पुसली. "तर भाजून निघेन."

खालून वारा यावा म्हणून मुदीने आम्हाला वीतभर वर उचलून ठोकायला लावलं. पण त्या फटीतून माडीवरच्यांना तर्फा दिसू नये, म्हणून तिची खुर्ची भिंतीला चिकटवावी लागली. नेमकी माझ्याखाली.

मित्रांनो, घर बांधाल तेव्हा आधी एवढं विचारा, की संध्याकाळी इथे कोण बसणार आहे. तर्फाला कोणी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती कहवा घेऊन बसली. मुदीने दोन्हीकडचा पारा पाहिला. गल्लीत सदतीस. अंगणात एक्केचाळीस.