येळवशीची हजेरी

"पालक समितीच्या अध्यक्षपदासाठी राजेश्वरीबाईंच्या नावाला ज्यांची संमती आहे, त्यांनी हात वर करा," शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, आणि महानंदाच्या दोन्ही बाजूंचे हात एकदम वर गेले. तिच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या चंद्रव्वाचाही.

महानंदानं मागं वळून पाहिलं. सातवीच्या वर्गात सतरंजीवर बसलेल्या चाळीसेक बायकांतल्या निम्म्याहून जास्त तिनंच आणल्या होत्या. शुक्रवार पेठेतल्या बोळाबोळांतून हिंडून, कुणाला धुण्यावरून उठवून, कुणाच्या सासूची समजूत काढून. त्या सगळ्यांचे हात वर होते. आपला एकटीचा खाली आहे हे कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून तिनंही हात वर केला.

टाळ्या झाल्या. राजेश्वरी उठून उभी राहिली आणि हात जोडून नीटनेटकं बोलली. महापालिकेच्या या शाळेचा पट अडुसष्टवर आला होता. पाचवी ते सातवीचे वर्ग मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत हलवायचं वर ठरत होतं. त्या रस्त्यावर दिवसभर मालट्रका धावायच्या. आपण पालकांनी समिती जागी ठेवली, तर हे वर्ग इथंच राहतील, असं ती म्हणाली. अगदी हेच महानंदा गेला महिनाभर दारोदार सांगत होती. फक्त तिनं सांगितलं तेव्हा टाळ्या झाल्या नव्हत्या.

बाहेर पडताना चंद्रव्वानं तिचा दंड धरला. "अक्का, वाईट वाटून घेऊ नको. तिला लिवाय-बोलाय येतंय. सायबलोकांपुढं तसलीच बाई पायजे की."

"मला कशाला वाईट वाटतंय?" महानंदा म्हणाली. "चांगलंच झालं की."

महानंदा कडक भाकऱ्या करून विकायची. पहाटे चुलीपुढं बसायची ती नवरा, सोमशेखर, टॉवेलच्या कारखान्यात जाईपर्यंत. मग पातळ, पापडासारख्या कडकडीत भाकऱ्या टोपलीत रचून दुकानं आणि कचेऱ्या फिरायची. माहेरी मैंदर्गीला ती कानडी शाळेत चौथीपर्यंत शिकली होती. मराठी वाचायला तिला बोट ठेवावं लागे. पण मुलींच्या संडासाला कडी नव्हती, तेव्हा शिक्षण खात्याच्या कचेरीच्या पायरीवर टोपली घेऊन सलग आठ दिवस बसली होती ती. नवव्या दिवशी सुतार आला. पाण्याचा नळही तसाच आला. तेव्हा कसली समिती नव्हती आणि अध्यक्षही नव्हता.

राजेश्वरी या जूनमध्ये नातेपुत्याहून आली. नवऱ्याची बदली झाली होती. बी. ए. झालेली, किरकोळ अंगाची, बोलताना समोरच्याकडं सरळ बघणारी. तिचा मुलगा गुरु सहावीत, महानंदाच्या मुलीच्या, धनलक्ष्मीच्या वर्गात. पहिल्याच बैठकीत तिनं मांडीवर वही ठेवून पाच मिनिटांत अर्ज लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. महानंदालाही तो आवडला होता. तेच तर दुखणं होतं.

निवडीनंतर आठवड्याभरानं सगळ्या बायका कचेरीत गेल्या. साहेब नवे होते, बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले. त्यांनी राजेश्वरीकडं पाहून समोरची खुर्ची दाखवली. "बसा मॅडम."

राजेश्वरी बसली नाही. मागं वळून म्हणाली, "महानंदाताई, तुम्ही बसा. सकाळपासून उभ्या आहात."

सगळ्यांनी महानंदाकडं पाहिलं. तिचे कान तापले. न मागता दिलेलं घ्यायचं तरी कसं, आणि नाकारायचं तरी कसं? "मी बरी हाय हितं," ती म्हणाली, आणि ते जरा जास्तच मोठ्यानं बोललं गेलं.

दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. मधोमध राजेश्वरी, हातात अर्ज. कडेला महानंदाचा खांदा आणि टोपलीचा काठ. धनलक्ष्मीनं तो कापून भिंतीवर चिकटवला.

"माझा खांदा बघायला लावलीस व्हय?" महानंदानं हसत विचारलं.

"काकू कसल्या भारी दिसायल्यात बघ की," धनलक्ष्मी म्हणाली. महानंदानं पीठ मळायला घेतलं. त्या दिवशी भाकऱ्या जाड झाल्या.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी ती भाकऱ्या घेऊन कचेरीत गेली, तर शिपाई शंकरप्पानं तिला जिन्याखाली बोलावलं. तो तिच्याच गावचा. दोघं असले की कानडीत बोलायचे. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तो म्हणाला, "अक्का, मंगळवारी साहेब तुमच्या शाळेत येणार. न कळवता. पोरं मोजायची म्हणे. पन्नासाच्या वर हजर असली तर वर्ग राहतील, नाहीतर गेले. अध्यक्षीणबाईला सांगून ठेव."

मंगळवारी येळवस होती. त्या अमावस्येला पेठेतली अर्धी घरं गावाकडं रानात जातात. पांडवांची पूजा, आंबील, भज्जी, संध्याकाळपर्यंत कोण परत येत नाही. शाळेला सुट्टी नसते, पण पोरं नसतात, आणि हे ठाऊक असल्यानं शिक्षकही काही म्हणत नाहीत. नव्या साहेबाला त्याची कल्पना नव्हती. राजेश्वरीलाही नसणार. नातेपुत्याकडं कुठली येळवस?

ती टोपली तशीच घेऊन राजेश्वरीच्या घराकडं निघाली. अजून चार दिवस होते. घरोघर सांगून पोरं थांबवता आली असती. नाहीतर राजेश्वरीनं अर्ज लिहून दिवस बदलून घेतला असता. चालता चालता तिनं कुणाकडं आधी जायचं ते ठरवूनही टाकलं होतं.

दार उघडंच होतं. आत धनलक्ष्मी पाटावर बसली होती आणि राजेश्वरी तिची वेणी घालत होती. पोरगी स्नेहसंमेलनातलं भाषण म्हणत होती. मध्येच अडली. राजेश्वरीनं हळूच शब्द सांगितला. धनलक्ष्मीनं मान मागं टाकून तिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "काकू, माझ्या आईला तुमच्यासारखं बोलायला शिकवा की. ती सगळ्यांसमोर हाय-न्हाय करती, मला कसंतरीच होतं."

"असं म्हणू नये," राजेश्वरी म्हणाली. पण म्हणताना हसली. हसण्यात वाकडं काही नव्हतं. दारात उभ्या महानंदाला मात्र ते हसणं तेवढं दिसलं.

"अगंबाई, ताई! या ना. काही काम होतं?"

"काय न्हाय," महानंदा म्हणाली. "पोरीला न्यायला आले."

उद्या सांगू, असं तिनं शनिवारी स्वतःला सांगितलं. रविवारी वाटलं, अध्यक्षबाईला कचेरीतल्या गोष्टी आपल्या आपण कळायला नकोत काय? सोमवारी चंद्रव्वा पिशवी भरून एसटी स्टँडकडं निघाली. तिच्या मागं मुलगी महेश्वरी. "येती का गं अक्का मैंदर्गीला?" चंद्रव्वानं विचारलं.

थांब, असं म्हणायला महानंदाचं तोंड उघडलंही. "यंदा न्हाय," ती म्हणाली. "माझ्या वाटची भज्जी खा."

एकदा तरी राजेश्वरीची फजिती व्हावी, एवढंच तिला हवं होतं. वर्ग जावेत असं तिनं कधीच म्हटलं नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे तिनं तीन दिवस स्वतःला कळू दिलं नाही.

मंगळवारी अकराला जीप आली. महानंदा फाटकासमोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसली होती. साहेब आत गेले. खिडकीतून वर्ग दिसत होता. बाकांवर इथं एक, तिथं एक डोकं. पहिल्या बाकावर धनलक्ष्मी ताठ बसली होती, अख्ख्या बाकावर एकटी.

साहेबांनी बोट करून मोजायला सुरुवात केली. महानंदा उठली आणि पळत सुटली.

बोळातल्या पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्याला कुलूप. पाठीला पाठ लागलेल्या सात घरांना कुलपं. कुठलं पोर कुठल्या घरात, कुठल्या मावशीकडं, हे तिला पाठ होतं, आणि तिथं कुणी नव्हतं. एका घरात तापानं निजलेली पोरगी होती, तिला तिनं खांद्यावर घेतलं. दोन पोरं गोट्या खेळताना सापडली. एकाला अंघोळीवरून ओढून काढलं, त्याचे केस निथळत होते. अशी चार पोरं घेऊन ती फाटकात आली, तेव्हा राजेश्वरीही धावत येत होती. गुरुनं तिला बोलावून आणलं होतं.

"साहेब, आज यांचा सण आहे म्हणतात," राजेश्वरी धापा टाकत म्हणाली. "मला माहीत नव्हतं. उद्या या, साठ मुलं दाखवते."

"बाई, मी दिसलं तेच लिहिणार," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. महानंदाच्या चार पोरांकडं त्यांनी पाहिलं, सत्तावीसचे एकतीस केले आणि पेन खिशाला लावलं.

पंधरा दिवसांत आदेश आला. नव्या वर्षात पाचवी ते सातवीनं रस्त्यापलीकडं जायचं.

बोळात राजेश्वरीचंच नाव निघू लागलं. रविवारी शाळेत बैठक झाली, तेव्हा बायका आधीच तापून आल्या होत्या.

"नातेपुत्याच्या बाईला येळवस काय म्हाईत?" चंद्रव्वा उभी राहून म्हणाली. "आमचंच चुकलं. आमची अक्का असती तर असं झालंच नसतं."

राजेश्वरी खाली बघत होती. "चुकलं माझं," ती म्हणाली. "अध्यक्ष असून मला कळायला पाहिजे होतं. महानंदाताईंना करा. मी लिहायचं काम करीन." तिनं समितीचं रजिस्टर महानंदाच्या पुढ्यात सरकवलं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. खिडकीशी उभी असलेली धनलक्ष्मी आईकडं बघून हसली. या टाळ्यांसाठी, या हसण्यासाठी महानंदा सहा महिने आतल्या आत झुरत होती. आता ते समोर होतं आणि तिला उचलवत नव्हतं.

ती उभी राहिली. "टाळ्या बंद करा," ती म्हणाली. "मला म्हाईत होतं."

"काय?"

"सायेब येळवशीला येणार ते. शंकरप्पानं मला शुक्रवारीच सांगितलं होतं. हिला सांग म्हणाला. मी सांगितलं न्हाय."

चंद्रव्वानं अगदी हळू विचारलं, "मी स्टँडवर जायले तवा बी?"

"तवा बी."

"का गं अक्का?"

महानंदानं राजेश्वरीकडं पाहिलं नाही, लेकीकडंही नाही. "जळत होते मी," ती म्हणाली. "दुसरं काय न्हाय."

कुणी तिला शिव्या दिल्या नाहीत. बायका उठल्या, चपला शोधल्या आणि गेल्या. राजेश्वरीनं रजिस्टर उचलून पिशवीत घातलं आणि ती निघून गेली. घरी धनलक्ष्मी भिंतीकडं तोंड करून निजली.

जानेवारीत वर्ग हलले. आठ दिवसांत चार मुली शाळेला यायच्या बंद झाल्या. रस्ता कोण ओलांडून देणार? त्यात महेश्वरीही होती.

एका दुपारी राजेश्वरी महानंदाच्या दारात आली. आत आली नाही. "मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "माझा गुरुही तोच रस्ता ओलांडतो. पण मुलींना नेऊन सोडायची पाळी लावायचीय, आणि माझ्या बोलावण्यावर एक बाई येत नाही. पूर्वीही येत नव्हती. तुम्ही आणायच्या तेव्हा मी बोलायची, एवढंच. आता तुम्ही बोलवा."

"माझ्या बोलवण्यानं आता कोण येतंय?"

"ते मला माहीत नाही," राजेश्वरी म्हणाली. "शाळा पावणेअकराला भरते."

दुसऱ्या दिवशी महानंदा भाकरीची टोपली घरीच ठेवून निघाली. तीन दारांतून कुणी ओ दिली नाही. चौथं चंद्रव्वाचं. चंद्रव्वा उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"महेश्वरीला मी नेते," महानंदा म्हणाली. "रोज. आणते बी."

चंद्रव्वा सुपातले खडे वेचत राहिली. एक, दोन, तीन. धनलक्ष्मी आईपासून दोन हात लांब उभी होती, दप्तराचा पट्टा दातात धरून. बऱ्याच वेळानं चंद्रव्वानं सूप खाली ठेवलं आणि आत गेली. बाहेर आली ती महेश्वरीला पुढं घालून. गुडघ्यावर बसून तिनं लेकीच्या स्वेटरचं गळ्याजवळचं बटण लावलं, केस कानामागं सारले. महानंदाकडं एकदाही न बघता ती एकटीच आत गेली आणि दार लावून घेतलं.