रुंद तोंडाचा खिसा

भाचीनं जाकीट टेबलावर पसरलं आणि आत्याची नजर आधी काजांवर गेली. सगळी वाकडीतिकडी. पण पोरीचं डिझाइन मोठ्या स्पर्धेत निवडलं गेलं होतं, म्हणून आत्यानं जीभ आवरली. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईनं जीभ आवरायची म्हणजे काही खायचं काम नाही.

मग तिला खिसा दिसला. डाव्या अंगाला, छातीपाशी, तिरका, आणि तोंड नेहमीच्या दुप्पट रुंद. आत्यानं तो लगेच ओळखला. जन्मभर तिनं गिऱ्हाईक दाखवील त्या फोटोबरहुकूम शिवलं होतं. कुणाची कॉलर, कुणाच्या बाह्या. स्वतःच्या डोक्यातून निघालेली वस्तू एकच, हा खिसा.

"फक्त सही राहिलीय," म्हणत भाची फॉर्म वाचू लागली, "‘हे डिझाइन सर्वस्वी माझे आहे, कोणाचीही नक्कल नाही.’"

दिवसाढवळ्या चोरी! आत्याचं डोकं फिरलं. "खिशाचं तोंड एवढं रुंद कशाला गं?"

"काय माहीत! सुचलं आपलं. परीक्षक तर त्यावरच खूश आहेत." भाचीनं जाकीट अंगात घातलं आणि डावा हात खिशात सरकवला. मनगट आत वळलेलं, कोपर अंगाशी घट्ट. सहा वर्षांची असताना ठेवायची अगदी तसा.

आत्याचा राग कुठल्या कुठे पळाला. पोरीला खरंच काही आठवत नव्हतं. आठवत होतं ते तिच्या हाताला. गप्प बसावं असं आत्याला क्षणभर वाटलं, पण बसवेना.

"प्लास्टर जायला हवं म्हणून," ती म्हणाली.

"काय?"

"झोपाळ्यावरून पडलीस, हात मोडून घेतलास. गळ्यात झोळी नको म्हणून घर डोक्यावर घेतलं होतंस. मग मी तुझ्या कोटाला असा खिसा लावला."

भाचीनं खिशातून हात काढून त्याच्याकडे पाहिलं. "लाल कोट! आत्या, म्हणजे मी नक्कलच केली की. नाव मागे घेते मी."

"गप गं! तू हात मोडला नसतास तर मला तरी कुठलं सुचायला?"

भाचीनं डोळे पुसले, फॉर्मवरचं ‘माझे’ खोडून ‘आमचे’ केलं. डिझायनरच्या रकान्यात आधी आत्याचं नाव लिहिलं, खाली स्वतःचं.

आत्यानं चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. तिचं नाव आजवर स्वतःच्या शिवणाच्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. मग तिनं छोटी कात्री हातात घेतली.

"काढ ते जाकीट. माझं नाव लागणार असेल तर असली काजं चालायची नाहीत."