पुढच्या बाकावरचा हुंकार

आमच्या चर्चच्या पाळकांचं प्रवचन बोलण्यात सुरू व्हायचं आणि गाण्यात संपायचं. मधला पूल नेमका कुठे ओलांडला हे त्यांनाही कळत नसे, मला कळायचं. पाळक लेम्युएल टॉलिव्हर बायबलातल्या यहेज्केलाची, वाळलेली हाडं जिवंत होऊन उठतात ती गोष्ट सांगायला लागले की आधी तुटक बोलत, मग त्यांना दम लागे, मग एखादा शब्द लांबत जाई, आणि त्याच श्वासाला पुढच्या बाकावरून मी हुंकार द्यायचे. त्या हुंकारावर ते सूर धरत. लाकूड कापायच्या सॉमिलच्या जुन्या वखारीत आमची मंडळी भरायला लागली तेव्हापासून, आठ वर्षं, दर रविवारी. सूर धरताना ते मान डावीकडे वळवत. डावीकडे मी असायचे.

१९१५च्या उन्हाळ्यात अल्मेटा प्रूइट सेंट लुईसहून आमच्या लुइझियानात आली, विधुर भावाची मुलं सांभाळायला. पहिल्याच रविवारी ती उजव्या बाकावर बसली. पाळकांचा शब्द लांबला, मी तोंड उघडलं, आणि माझ्या अर्धा श्वास आधी तिचा आवाज आला. खालचा, काकवीसारखा दाट. पाळकांची मान उजवीकडे वळली. त्या दिवशी हाडं अशी काही उठली की मंडळीचा कारभार बघणारे म्हातारे डीकन काठी टाकून नाचले आणि आत्म्याच्या भरात अनोळखी भाषांत बोलू लागले. सगळे रडत होते. मीही रडले. लोकांना वाटलं, माझ्यावरही आत्मा उतरला.

घरी माझा नवरा आयझम ताकात मक्याची भाकर कुस्करत म्हणाला, "देवानं तुला गळा दिलाय, ऑर्फा. बाकाचं खरेदीखत नाही दिलं."

"तिला एवढी घाई कसली असते पण?"

"घाई नाही गं. ती पाळकांचं ऐकते. तू हल्ली तिचं ऐकत बसतेस."

मी त्याला दुसरी भाकर वाढली नाही.

वाईट म्हणजे मला ती आवडायची. आम्ही दोघीही मिलच्या साहेबांच्या घरचे कपडे धुऊन द्यायचो आणि बुधवारी ती तिच्या इस्त्र्या घेऊन माझ्याकडे यायची. एका चुलीवर दोघींचं भागे. ती एखादी ओळ उचलायची, मी खालून धरायचे, आणि सदऱ्यांची चळत कधी संपली ते कळायचं नाही. बुधवारी मला तिच्यावर जीव टाकावासा वाटे. रविवारी वाटे, हिचा घसा बसावा.

त्या वर्षी आमच्या लोकांत नवा वाद पेटला होता. आम्ही सगळे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा घेतलेले. नव्या शिकवणीचे लोक म्हणत, प्रेषितांनी फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा दिला, तेव्हा तुमचा तो धरता येत नाही, पुन्हा पाण्यात उतरा. पाळक एका मेळाव्याहून परतले ते कपाळाला आठ्या घालून. जो दुसऱ्यांदा पाण्यात जातो तो पहिल्या वेळी बाप्तिस्मा देणाऱ्या हातावर थुंकतो, असं त्यांनी आम्हाला बजावलं होतं.

एका बुधवारी इस्त्री गालाजवळ धरून आच बघता बघता अल्मेटा हळूच म्हणाली की गेल्या वसंतात तीही पुन्हा उतरली होती. येशूच्या नावाने. सांगताना तिचा चेहरा नवरीसारखा दिसत होता. पाळकांना आपणच योग्य वेळी सांगू, तोवर कुणाला बोलू नकोस, म्हणाली.

शुक्रवारी मी रताळ्याची गोड पाई भाजली आणि पाळकांच्या घरी नेली. तिच्या काळजीने सांगतेय, असं म्हणाले. पाईचा पहिला तुकडा त्यांच्या बशीत तसाच राहिला.

रविवारी त्यांनी प्रवचन सुरूच केलं नाही. तिला उभं करून विचारलं. ती म्हणाली, "हो, पाळकसाहेब. आणि मला त्याची लाज वाटत नाही." मग कोण काय बोललं ते सांगण्यात अर्थ नाही; भाऊ भावावर ओरडला. ती निघाली तेव्हा पन्नासातली तेवीस माणसं तिच्यामागे गेली. महिन्याभरात त्यांनी ओढ्यापलीकडे फांद्यांचा मांडव घातला आणि एक पाळकही आणले.

पुढचा बाक पुन्हा माझा झाला. मी इस्त्रीचा पांढरा झगा घालून बसले, श्वास तयार ठेवून. पाळक उभे राहिले आणि तिन्ही नावांनी बाप्तिस्मा द्या हे मत्तयाचं वचन सोडवून सांगू लागले, मग पलीकडच्यांचं चुकतं कुठे ते. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. एकही शब्द लांबला नाही. मोसंबं सोलावं तसे ते मुद्दे सोलत होते. शेवटी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "भगिनी, तुमचं हुंकाराचं उत्तर हल्ली येत नाही?"

मी म्हणाले, "तुम्ही गायलात तर देईन."

त्यांनी टोपीची कड चाचपली. मग म्हणाले, आधी हे भांडण मिटू दे.

एका रविवारी दुपारी मी ओढा ओलांडला. उपासना सुरू व्हायची होती, अल्मेटा मांडवाबाहेर मुलांचे हातपाय धूत होती. मी सरळ सांगितलं, पाळकांना सांगणारी मी.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी दुसऱ्या कुणाला बोललेच नव्हते ना."

"मग भांडायला का आली नाहीस?"

"इस्त्र्या तुझ्याकडेच राहिल्यात. भांडले असते तर त्या आणायला कुठल्या तोंडानं आले असते?" ती हसली नाही. मुलाची टाच घासत राहिली. मग म्हणाली, "आत येऊन बस. पण माझ्या शेजारी बसून उत्तर द्यायचं तर आधी पाण्यात उतरावं लागेल. आमच्या पाळकांचा नियम आहे."

"मी एकदा उतरलेय, अल्मेटा. खरीखुरी."

"मीही दोनदा खरीच उतरले."

ती आत गेली. मी फांद्यांना धरून बाहेर उभी राहिले. त्यांचे पाळक तरुण होते, पण त्यांना गाता येत होतं. शब्द लांबला, अल्मेटाने तो उचलला, आणि खालून धरायला तिच्या शेजारची सॅव्हाना नावाची पोरगी आली, अर्धा श्वास उशिरा. पुन्हा ओळ, पुन्हा उशिरा. अल्मेटा तिच्यासाठी थांबत होती. माझ्यासाठी तिला बुधवारी कधी थांबावं लागलं नव्हतं.

पाळकांची मान कुणीकडे वळली ते मी पाहिलंच नाही. मी त्या पोरीकडे बघत होते. ती माझी जागा चुकवत होती, आणि हुंकार निसटू नये म्हणून मला दातांत ओठ धरून उभं राहावं लागत होतं.