बाबांच्या कानाजोगा सूर

"भांडी पडली का गं?" बाबांनी आतून विचारलं.

भांडी पडली नव्हती. मुलीनं गिटारवरून एकदा हात फिरवला होता, एवढंच. दाराशी उभ्या आईला हसू आवरेना.

मुलगी आठवडाभर शाळेची बस चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. तिथे अँपवर, म्हणजे गिटारच्या स्पीकरवर, आवाज फाडणारं गेनचं बटण चढवून गिटार गुरगुरवली की काम भागायचं. आजची गोष्ट वेगळी होती. आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस होता, आणि आईला भेटवस्तू नको होती, बाबांसोबत एक नाच हवा होता. बाबांचे कान छापखान्यातल्या यंत्रांनी खाल्ले होते. कानातल्या मशीनमधून सगळं कर्कश्श यायचं. "ऐकूच येत नाही तर पाय कशावर टाकू?" म्हणून त्यांनी नाचणं सोडलं होतं.

तिनं गेन पार खाली आणला, वरचे सूर कमी केले. बाबा बाहेर येऊन खुर्चीत बसले.

"आता?"

"आता सुया टोचतायत."

मग तिनं भावाची जाडजूड गिटार घेतली. तिचा आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा. गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण थोडं मागे घेतल्यावर तो जरा मोकळा झाला, पण खालचे सूर एकमेकांना चिकटलेलेच.

"कोण बोलतंय ते कळतंय," बाबा म्हणाले, "काय बोलतंय ते नाही."

शेवटी तिच्या नवऱ्यानं त्याची पोकळ अंगाची गिटार आणली. पहिल्याच सुराला ती अशी घुमायला लागली की बाबांनी कानावर हात ठेवले.

"अगं, अँप तिच्या पोटाशी ठेवलास तर ती बोंबलणारच," नवरा म्हणाला. त्यानं अँप उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि अँपचं तोंड बाबांकडे वळवलं. तिनं तारा छेडायचं पिक बाजूला ठेवलं आणि नुसत्या अंगठ्यानं, हलक्या हातानं, आईबाबांच्या तरुणपणीची नाचाची धून सुरू केली.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा पाय हलायला लागला. धून वळणावर आली तसे ते उठले, शर्ट नीट खोचला आणि आईपुढे हात धरला.

"पडाल हं," आई म्हणाली, पण तोवर तिचा हात त्यांच्या हातात गेलाही होता.

दोघं एक फेरी फिरले. बाबांचं एकही पाऊल चुकलं नाही. नवरा भिंतीला टेकून हातातला चहा प्यायचं विसरून गेला. आणि अचानक बाबा थांबले.

तिचा अंगठा तारेवरच थांबला. "काय झालं, बाबा?"

"तिसरी तार उतरलीय."

तिनं तार छेडून पाहिली. खरंच, केसभर उतरली होती. बँडमध्ये कुणी चूक काढली की ती फुरंगटून बसायची. आज ती चूक बाबांना ऐकू आली होती; ती हसत हसत खुंटी पिळायला लागली.

"घाई करू नकोस," बाबा म्हणाले. "नीट लाव. आम्ही थांबतो."

आणि ती तार लावेपर्यंत ते दोघं खोलीच्या मधोमध, हात न सोडता, उभे राहिले.