मला एक भाऊ आहे

फिनिश शिकायला बसलं की सुरुवातीला कुणी मरत नाही. मरायची सोयच नसते. भूतकाळ फार नंतर येतो. तोवर सगळं आपलं 'आहे'. मला आई आहे, मला गाय आहे, मला भूक आहे. माझं तर फार बरं चाललं होतं.

मी सिस्टर लंट. घरी व्हर्लीन, पण मिशनवर निघालं की पहिलं नाव घरीच खुंटीला टांगून यायचं. आमचा गोठा अमेरिकेत आयडाहोत, बेअर लेक तळ्याच्या अलीकडे. आमच्या चर्चमधली पोरं एकोणिशीत आली की दोन वर्षं धर्म सांगत जगभर हिंडतात. मुलींवर सक्ती नाही. लग्न न जमलेल्या तेवढ्या जातात, असं लोक तोंडावर बोलतात. बोलोत बापडे. मी का निघाले ते मला ठाऊक होतं. जायचं होतं डेलला, माझ्या धाकट्या भावाला. गेल्या वर्षी बिटाच्या शेतात ट्रॅक्टर उलटला आणि तो खाली सापडला. मग मीच अर्ज केला, पाठवाल तिकडे जाईन म्हटलं, आणि उत्तर आलं, फिनलंड. आईनं डेलचा लोकरी कोट काढून माझ्या हातात दिला. "तिकडं थंडी असते," एवढंच म्हणाली. त्याच्या बाह्या माझ्या बोटांच्याही खाली येतात.

निघण्याआधी युटातल्या प्रोव्होला भाषेचं प्रशिक्षण. वर्गात आम्ही दोघी मुली आणि चार पोरं. फिनिशमध्ये या पोरांना हाक मारायची 'वान्हिन', म्हणजे ज्येष्ठ. ओठावर मिशी नाही आणि म्हणे ज्येष्ठ! त्यातला वान्हिन स्टोक्स महावात्रट. माझी जोडीदारीण सिस्टर नेबेकर, सॅक्रामेंटोच्या दंतवैद्याची लेक. मिशनवर जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नसतं, त्यामुळे मी शिंकले तरी ही बाजूला हजर. शिकवायला सिस्टर आहोनेन. त्या अस्सल तिकडच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी प्रोव्होत येऊन राहिलेल्या. कौतुक करायची बाईंना सवय नव्हती. बरोबर आलं तर "हं" म्हणायच्या, चुकलं तर नुसतं बघायच्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुला भावंडं?" उत्तराचा साचा फळ्यावर होताच.

"मिनुल्ला ओन वेली," मी म्हणाले. मला एक भाऊ आहे.

थाप मारायची म्हणून मारली नव्हती हो. मला तेवढंच येत होतं. पण वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि कधी नव्हे तो मोकळा श्वास घेता आला. घरी त्याचं नावच कुणी काढत नव्हतं. आई त्याच्या खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग ठेवायची, म्हणजे ती रिकामी दिसायला नको.

"काय करतो तो?" बाईंनी विचारलं.

"धारा काढतो."

"हं."

मग काय, रोजचंच झालं. नवा शब्द आला की पहिला डेलला. मासे आले, डेल मासे पकडतो. लापशी आली, डेलला लापशी आवडत नाही. गाणं आलं, डेल गातो, घाणेरडं गातो. 'घाणेरडं'ला काय म्हणतात ते मी मुद्दाम विचारून घेतलं. एक बसथांब्याचा धडा तेवढा वाया गेला. त्यात डेलला कुठे बसवायचं? आमच्याकडे बसच येत नाही. वर्गात शिरल्या शिरल्या स्टोक्स विचारायचा, "काय सिस्टर लंट, आज काही लागलं का डेलच्या गळाला?"

"लागलं तर. एवढा मोठा!"

सगळे हसायचे. इंग्रजीत तो कबरस्तानात होता आणि फिनिशमध्ये तळ्यावर. मग मी इंग्रजी बोलायचंच सोडून दिलं. नेबेकर कावली. "अगं बाई, साबण दे एवढं तरी माणसासारखं म्हण!" वरच्या मंडळींना वाटलं, काय ही निष्ठा, काय हा ध्यास! रविवारच्या सभेत माझं उदाहरण देऊन झालं. डोंबलाचा ध्यास. मला माझा भाऊ पाहिजे होता.

मरणानं कुटुंब तुटत नाही, पुढे सगळे भेटतात, हे आमच्यात पाळण्यापासून सांगतात. मला ते तोंडपाठ होतं, तेच सांगायला मी फिनलंडला निघाले होते. पण पुढे कधीतरी भेटणारा भाऊ वेगळा आणि समोर बसून बटाटे मागणारा वेगळा. मला बटाटे मागणारा हवा होता.

आणि मग एका सकाळी सिस्टर आहोनेननी फळा स्वच्छ पुसला आणि दोनच शब्द लिहिले. ओन. ओली. आहे. होता.

"आणि भविष्यकाळ कधी घेणार, बाई?" स्टोक्सनं विचारलं.

"आधी हा पचवा." बाईंनी खडू एकेकाकडे रोखला. ज्यानं त्यानं आपलं जुनं वाक्य भूतकाळात न्यायचं.

"मला मांजर होतं," नेबेकर म्हणाली.

"मला केस होते," स्टोक्सनं मिशनसाठी भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. हशा झाला. मग खडू माझ्याकडे वळला.

"लंट. तुझं भावाचं."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"ते वाक्य मी बदलणार नाही."

"असू द्या हो बाई," स्टोक्स म्हणाला, "डेलचे मासे संपले नसतील अजून!"

"थोबाड आवर, स्टोक्स! परत त्याचं नाव काढलंस तर हा डस्टर घालीन टाळक्यात!" हे मी इंग्रजीत ओरडले. स्टोक्सचे कान लालभडक. बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "पुढचा."

बाहेर पडल्यावर नेबेकरनं मला गाठलं.

"तो कोट त्याचाच ना गं?"

"हो."

"वाटलंच मला. जिवंत माणूस थंडीत आपला कोट बहिणीला देऊन बसेल कशाला? आयडाहोत काय उकाडा असतो?"

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू इतकी खुशीत होतीस, लंट. माझी जीभच रेटेना."

मला रडू फुटलं. पुसायला रुमाल शोधावा लागला नाही, बाही होतीच लांब.

"पण तिकडे काय करशील?" ती म्हणाली. "भूतकाळाशिवाय येशू तरी कसा सांगणार? मरतो आहे, उठतो आहे?"

"बाकी सगळं म्हणेन गं. एवढं एक नको. मी 'होता' म्हटलं की तो दुसऱ्यांदा जाईल, आणि या खेपेला मीच घालवलेला असेन."

नेबेकर माझा हात धरून चालत राहिली.

त्याच आठवड्यात सराव होता. अशा सरावाला शिक्षक अनोळखी माणूस होऊन बसतात आणि आम्ही त्यांच्या दारी जाऊन धर्म सांगायचा. बाईंचा दंडक होता, दार ठोठावायचं तर कोट चढवून, खरोखर थंडीतून आल्यासारखं. आमची पाळी आली. मी डेलचा कोट घातला. पोरं मागच्या बाकांवर बसलेली. बाई शेजारच्या खोलीत डोक्याला रुमाल बांधून म्हातारी झाल्या होत्या. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

नेबेकरनं नमस्कार-चमत्कार केले, आम्ही कोण, कुठून आलो ते सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं.

"मला मुलगा होता," ती म्हणाली. "आता नाही. तुम्ही कालच्या पोरी, मला काय सांगणार? तुमचं कोण गेलंय?"

नेबेकरचं मांजर सोडून कुणी गेलेलं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पण कोपर माझ्या कोपराला टेकवलं.

समोर रुमाल बांधलेल्या आहोनेनबाईच आहेत हे मला ठाऊक होतं. तरी पण त्या अर्ध्या दारात मला आईच दिसायला लागली, हातात धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेतलेली. तिला मी 'आहे' म्हणून सांगणार होते?

"मिनुल्ला," मी म्हणाले. "मिनुल्ला ओली वेली."

मला एक भाऊ होता.

संपलं. म्हटलं मी. मागे स्टोक्सनं डोकं बाकावर टेकलं. मी रडले, आणि चारचौघात शोभेल असं अजिबात नाही.

बाई पुढे आल्या नाहीत, डोक्याचा रुमालही काढला नाही. "हं," म्हणाल्या. मग म्हातारीच्याच आवाजात, "आणि पुढे?"

"पुढे काय?"

"होता, एवढं मलाही म्हणता येतं, पोरी. त्यासाठी दार कशाला उघडू? उद्याचं सांग."

"उद्याचा काळ तुम्ही शिकवलाच नाही," मी नाक ओढत म्हणाले. मला रागच आला होता.

"आमच्या भाषेत तो नाहीच. उद्याचंही आम्ही 'आहे'नंच म्हणतो."

मी बाहीच्या आत मूठ आवळली. वाक्य तेच, रोज तोंडात घोळवलेलं. पण आता त्यात तळं नव्हतं, मासे नव्हते, धारा नव्हत्या. डेल लांब होता, कुठे ते मला दिसत नव्हतं, आणि तो मला हवाच होता.

"मिनुल्ला ओन वेली," मी म्हणाले.

"काय करतो तो?" पहिल्या दिवसासारखंच विचारलं त्यांनी.

मी शब्द शोधला. तो त्या वाया गेलेल्या बसथांब्याच्या धड्यात होता.

"वाट बघतो."

"हं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दार पूर्ण उघडलं. "आत या."