माजलगावची बॅग बोटीला निघाली

मी चाकांची मोठी बॅग बोलतेय. रंग निळा, म्हणजे एकेकाळी निळा होता. सध्या एका बोटीच्या सातव्या मजल्यावर, एका खोलीच्या दाराबाहेर उभी आहे. बोटीला सात मजले असतात हे ऐकून हसू आलं असेल तर हसा. माजलगावातली आमची अख्खी गल्लीही हसली होती. "सात मजली वस्तू पाण्यावर ठेवली तर ती राहती का?" असा गल्लीचा सवाल होता. राहते. मी बघून सांगतेय.

माझा जन्म नाशिककडच्या एका कारखान्यातला. साच्यातून बाहेर पडले, चाकं लागली, पोटात कागदाचे गोळे कोंबले आणि जगात सोडून दिलं. जन्माचं एवढंच. खरं शिक्षण झालं ते माजलगावच्या मोंढ्याजवळ, एका दुकानाच्या दारावर टांगलेली असताना. तिथं मी गिऱ्हाईक ओळखायला शिकले. जो मालाचं कौतुक करतो तो कधी घेत नाही. एक पाहुणे आले, त्यांनी माझी चेन वीस वेळा उघडझाप केली, माझी तारीफ इतकी केली की मी लाजले. मालकानं चहा मागवला. चहा पिऊन पाहुणे म्हणाले, "अशीच बॅग हाय माझ्याकडं. तिची चेन बिघडलीय. हिची काढून देता का?"

राधाकिशन आला तो मात्र तोंड वाकडं करूनच. "रंग उतरंल. चाक निसटंल. कुलूप तर मांजर बी उघडील." मालकानं पुढचं ऐकलंच नाही, मला पुसायला घेतलं. असा नावं ठेवणारा माणूस रिकाम्या हातानं परत जात नसतो.

तर हा राधाकिशन माझा मालक. त्याचं खत-बियाण्याचं दुकान. गावोगावचे शेतकरी काळजीनं पिवळे पडून त्याच्याकडं यायचे आणि हा खुर्चीत रेलून म्हणायचा, "भिऊ नका हो, काय व्हत न्हाई." हे वाक्य तो दिवसभर फुकट वाटायचा. औषध तेवढं विकत.

घरी आल्यावर मला कळलं की गल्लीत धड बॅग एकच असते. ती ज्याच्या घरी असते तो मोठा माणूस समजला जातो आणि बॅग गावाची समजली जाते. मग काय विचारता! मी तीन तिरुपत्या केल्या. लग्नं तर मोजली नाहीत. अंबाजोगाईला बाळंतपणाला कितीदा गेले. तिथं एका आजोबांनी मला स्टूल समजून माझ्यावर बसून निवांत पोहे खाल्ले आणि नातू झाल्याचं कळताच आनंदानं उडी मारली तीही माझ्यावरच. माझं एक चाक तेव्हापासून कुरकुरतं.

कुणी नेलं की परत आल्यावर मला ओल्या फडक्यानं पुसायची आणि कपाटावर चढवायची ती विजयमाला, राधाकिशनची बायको. सगळी दुनिया मला घेऊन हिंडली, तिच्यासोबत मात्र मी कधीच कुठं गेले नव्हते. तिचं जाणं म्हणजे माहेरी, युसूफ वडगावला. "तिथं जायला बॅग कशाला? पिशवी बास," असं राधाकिशन म्हणायचा आणि त्यात चूक आहे असं कुणालाच वाटायचं नाही. मला वाटायचं, पण मी कपाटावर.

यंदा राधाकिशननं एका खत कंपनीचं टार्गेट पुरं केलं आणि कंपनीनं बक्षीस दिलं: मुंबईहून बोटीनं गोवा आणि परत. जोडीनं.

आमच्याकडं माणूस जायच्या आधीच त्याचा सत्कार होतो. परत आल्यावर करावा तर तोवर दुसऱ्या कुणाचा तरी असतो. शाल झाली, फेटा झाला, चौकात भलामोठा बॅनर लागला. राधाकिशन काळा चष्मा लावून बोटीच्या टोकावर उभा आणि खाली शुभेच्छा देणाऱ्यांचे इतके चेहरे की ते सगळे चढले असते तर बोट बुडलीच असती.

मग एका दुपारी कंपनीचा माणूस प्रविण तयारी समजावून द्यायला घरी आला. मला कपाटावरून खाली काढून बैठकीत मधोमध उघडून ठेवलं होतं. माझ्याभोवती माणसं अशी बसली जणू माझंच काही बरंवाईट झालंय. राधाकिशनची आई केशरबाई भिंतीला टेकून, विजयमाला दारात आणि राधाकिशनचा जिगरी दोस्त आश्रुबा पंख्याखाली. आश्रुबा कुठंही पंख्याखालीच बसतो.

"मोठी बॅग बंदरावरच ते लोक ताब्यात घेत्यात," प्रविण सांगू लागला. "खोलीत पोचायला सांज व्हती. म्हणून आधार कार्ड, गोळ्या-औषधं, चार्जर अन् एक जोड कपडा हातातल्या पिशवीत ठिवा."

"सांजंपस्तोर बॅग कुठं ऱ्हाती?" आश्रुबा.

"ती बी बोटीतच ऱ्हाती, आश्रुबाभाऊ. पवत येत न्हाई."

"भाकरी-ठेचा?" केशरबाईंनी विचारलं.

"घरचं खायला चालत न्हाई, आजी. तिथं जेवण लई असतंय. शाकाहारी येगळं मिळतंय."

"मंग पाच-पन्नास धपाटे बांधते. ते काय जेवण न्हाई."

प्रविण हसला. इस्त्री न्यायची नाही, शेगडी न्यायची नाही. खोल समुद्रात फोन लागत नाही. एखाद्या संध्याकाळी जरा ठेवणीतले कपडे घालायचे. वरच्या मजल्यावर वारा फार, म्हणून पायात सपाट चप्पल आणि अंगावर एखादं जाकीट. मळमळणाऱ्यानं गोळी आधी घ्यायची, उलटी झाल्यावर नाही.

"वाऱ्यात साडी सांभाळंल का?" विजयमालानं दारातून विचारलं.

"वैनी, पंजाबी ड्रेस बरा पडतोय."

तिनं सासूकडं पाहिलं. केशरबाई छताकडं पाहत म्हणाल्या, "मला लांबचं दिसत न्हाई. तिकडं काय घालशील ते घाल." यापेक्षा मोठी परवानगी आमच्या गल्लीत आजवर कुणाला मिळालेली नाही.

राधाकिशनही विचारत होता. फक्त त्याचे सवाल दुसऱ्याचे असायचे. "त्ये आमचे एक गिऱ्हाईक इचारीत व्हते, बोट हालती का?" जरा वेळानं, "गिऱ्हाईकाला काय, काय बी इचारतंय, खाली पाणी किती खोल असंल?" आणि प्रविण उठताना अगदी सहज, "अन् समजा, आपलं समजा हं, बुडली तर?"

"तरंगायचं जाकीट देत्यात की, शेठ. चढल्या चढल्या समद्यांना घालून दाखवत्यात."

"ते किती किलोच्या माणसाला तोलतंय?"

आश्रुबा खो खो हसला. "तुह्या गिऱ्हाइकाचं वजन किती हाय बे?"

मी त्याच वेळी ओळखलं. बॅगेला माणूस बाहेरून दिसत नाही, आतून दिसतो; तो काय भरतो त्यावरून.

विजयमालानं दोन नवे ड्रेस शिवून आणले, लपवून आणल्यासारखे आणले आणि माझ्या तळाशी ठेवले. दर दुपारी ती मला उघडायची, ते काढायची, अंगाला लावून बघायची आणि पुन्हा घडी घालायची. चाळीस गावच्या बायकांची लुगडी मी पोटात वागवली. एवढ्या मायेनं घातलेली घडी मला माहीत नव्हती.

दोन दिवसांनी राधाकिशन एक पोतं घेऊन आला. आजूबाजूला पाहिलं, मला उघडलं, ते दोन्ही ड्रेस काढून पलंगावर फेकले आणि पोत्यातली काळी, जड, रबराचा वास मारणारी वस्तू दाबून दाबून माझ्यात बसवली. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची ट्यूब. आमच्याकडं पोरं विहिरीत पोहायला शिकतात ती अशाच ट्यूबवर. वर हवा भरायचा पायपंप. त्यावर टॉवेल पसरला आणि चेन लावायला लागला. चेन लागेना. मग माझ्यावर बसला. कुरकुरणारं चाक तेवढं माझं दुःख बोललं.

त्या आवाजानं विजयमाला आली. पलंगावर पडलेले ड्रेस तिनं पाहिले, मग मला.

"काय भरलंय ह्यात?"

"काय न्हाई. कंपनीचं सामान."

तिनं टॉवेल उचलला. मग म्हणाली, "अहो, ट्यूब कावून?"

"आस्रुबाच्या ट्रॅक्टरची हाय. मुंबईला पंचर काढायची हाय."

माजलगावात पंक्चर काढणाऱ्यांची रांग आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. तिलाही नको होतं. पण ती हसली नाही, गावभर सांगितलं नाही. "भ्या वाटत असंल तर तसं बोला," एवढंच म्हणाली.

"भ्या? मला?" राधाकिशनचा आवाज बैठकीतून चौकात गेला. "चौकात बॅनर हाय माझा!"

घ्या. बॅनरवरचा माणूस भीत नसतो, तर याला भ्यायची सोय कुठली?

निघायच्या आदल्या दिवशी त्याला सोय सापडली. वडवणीकडच्या एका गावाहून निरोप आला, भावकीतल्या छबुबाई गेल्या. राधाकिशन इतक्या तातडीनं दुःखी झाला की निरोप आणणारा गांगरला. टोपी काढून तो बैठकीत बसला. "आता कसलं जाणं? सुतक पडलं. दहा दिवस न्हाई म्हणजे न्हाई." आणि प्रविणला फोन लावून, स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला.

"वाईट झालं, शेठ," प्रविण म्हणाला. "पर जागा वाया जाईल. घरातलं दुसरं कुणी असंल तर नावं बदलून देतो. आज पाचच्या आत सांगा."

आश्रुबा पंख्याखालून उठला. तो उठतो म्हणजे काहीतरी फुकट आहे. "मी जातो की. मी अन् मव्हा मेव्हणा. तुही बॅग बी भरूनच हाय बे."

"लाव नाव," राधाकिशन म्हणाला. दोन्ही जागा दोन शब्दांत गेल्या. दारात विजयमाला उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. तिनं येऊन माझ्यावर ठेवलेले ते दोन ड्रेस उचलले. आता ती ते कपाटात ठेवणार आणि मी पुन्हा तिच्याशिवायच निघणार, हे मला कळून चुकलं. मी बॅग, मला रडता येत नाही. चेन दातखिळी बसल्यासारखी झाली एवढं खरं.

"राधाकिसन," केशरबाई भिंतीला टेकूनच बोलल्या. "ह्या छबीचा दादला गेल्या साली मेला, तवा तू कुठं व्हतास?"

"व्हतो की, हितंच."

"गोदामाचं उद्घाटन व्हतं तुहं. मी सुतक म्हणलं तर काय म्हणलास? 'लांबची भावकी हाय, डोक्यावरून पाणी घेतलं की फिटलं.' पाणी बी घेतलं न्हाईस. जिलबी खाल्लीस. नवरा मेला तर जिलबी, अन् बायकू मेली तर दहा दिस? हे कोणत्या गावचं सुतक?"

आश्रुबा पुन्हा पंख्याखाली बसला. फोन अजून चालूच होता; पलीकडून प्रविणचा खोकल्यासारखा हसण्याचा आवाज आला.

"आई, तुला कळत न्हाई..."

"कळतंय. तू लहानपणी हिरीकडं बघून चड्डी वली करायचास. माझ्याच पोटचा हायस. न्हाई जायचं, नको जाऊ. पर म्हातारीच्या मढ्याआड लपू नको."

राधाकिशन टोपीच्या आत बघत बसला, जणू उत्तर तिथं लिहिलंय. मग हळू आवाजात, पहिल्यांदाच गिऱ्हाइकाचं नाव न घेता म्हणाला, "मला पवता येत न्हाई."

"मला तरी कुठं येतंय?" विजयमाला म्हणाली. ती फोनजवळ गेली. "प्रविणभाऊ, पहिलं नाव माझं हाय ते ऱ्हाऊ द्या. दुसरं शिवकन्या, माझी बहीण. वडगावहून निघाली बी ती."

"कवा सांगितलंस तिला?" राधाकिशन दचकला.

"ट्यूब दिसली त्याच दिशी."

तिनं ट्यूब माझ्यातून ओढून काढली. खरं सांगते, बाळंतपणं मी पुष्कळ पाहिलीत, पण स्वतःची सुटका अशी कधी झाली नव्हती. आश्रुबानं ती खांद्यावर टाकली आणि चालता झाला. काहीतरी तर न्यायलाच हवं होतं.

आता प्रवासाचं काय सांगू? प्रविणचं सगळं खरं निघालं. मी सांजेलाच खोलीत पोचले. फोन लागला नाही, आणि दोन दिवस विजयमालाला कुणी हाक मारली नाही. पहिल्या दिवशी ती हाक नसतानाही दोनदा "आले" म्हणाली. दुसऱ्या दिवशी विसरली. शिवकन्येनं गोळी उलटी झाल्यावर घेतली. माझ्या पोटात धपाट्यांचा डबा सापडला तो तपासणीत काढून ठेवला. तपासणाऱ्यानं वास घेऊन फार दुःखानं काढून ठेवला.

तेव्हा तुम्हीही निघणार असाल तर निघा. बॅग कोणती, कपडे किती, हे विचारायला लाजू नका. फक्त घरातल्या बाईचे दोन ड्रेस काढून त्या जागी तुमची भीती भरू नका. भीतीला चाकं नसतात, ती ओढावी मात्र बॅगेला लागते.

बोटीची रीत अशी की उतरायच्या आधी मोठी बॅग दाराबाहेर ठेवायची. म्हणून मी इथं. मुंबई जवळ आली आहे, फोनला जीव आलाय. दार अर्धं उघडं आहे. विजयमाला ड्रेसची ओढणी सावरत स्पीकरवर बोलतेय, पलीकडं राधाकिशन. बोलण्यात मोठा आवाज नाही त्याच्या.

"लई हालली का गं?"

"हालली."

"भ्या वाटलं?"

"वाटलं की. उलशीक भेले, अन् मंग जेवायला गेले."