लालसिंगचा पाय

चार महिन्यांत दुसऱ्यांदा जीपची क्लचप्लेट जळाली, तेव्हा जगदेवनं मिस्त्रीला काही विचारलंच नाही. तो तडक रिसोडच्या जीपस्टँडवर गेला आणि सगळ्यांदेखत आपल्या ड्रायव्हरच्या, लालसिंगच्या हातातून चावी हिसकावली.

"गाडी चालवतं का क्लचवर पाय ठेवून झोपा काढतं? तांड्यावर बैलं हाकत बस, त्यायले क्लच नसते!"

लालसिंग नऊ वर्षं त्याची जीप चालवत होता. "माह्या पायात खोट नाही, भाऊ. गाडीखाली तेल गळून राह्यलं. तीनदा सांगतलं तुमाले," एवढंच तो बोलला आणि निघून गेला. जुनी गाडी गळायचीच, त्यात काय, असं म्हणून जगदेवनं नवी प्लेट टाकली आणि स्वतःच स्टिअरिंगवर बसला. गिअर पडला की पाय उचलून बाजूला. क्लचवर तो माशीसुद्धा बसू देत नव्हता.

दीड महिना बरा गेला. मग एका सकाळी वाशिमच्या रस्त्यावर चढ लागला आणि इंजिन नुसतंच बोंबलायला लागलं. गाडी मात्र बैलगाडीच्या चालीनं. करपल्याचा वास आत भरला.

"बापू, काय जळून राह्यलं रे?" मागच्या प्रवाशांतून रुखमाबाईनं विचारलं. तिच्या शेजारचा एकजण खुसखुसला, "आता कोनाचा पाय होता, जगदेवभाऊ?"

जगदेवच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नुसत्या प्लेटा बदलणाऱ्या जुन्या मिस्त्रीचं तोंड पाहायचं नाही असं ठरवून, माणसं उतरवून त्यानं जीप वाशिमला संघदीपच्या गॅरेजात घातली.

"हँडब्रेक ओढा," संघदीप म्हणाला. "इंजिन चालू राहू द्या. तिसरा गिअर टाका अन् क्लच हळूच सोडा."

जगदेवनं पाय उचलला. इंजिन धक्का खाऊन बंद पडायला हवं होतं. ते आपलं मजेत फिरत राहिलं.

"प्लेट घसरून राह्यली."

"थे मलेबी समजते! काहून घसरून राह्यली, थे सांग!"

संघदीप चिडला नाही. दुपारपर्यंत त्यानं गिअरबॉक्स खाली उतरवला आणि प्लेट काढून जगदेवच्या तळहातावर ठेवली. बोटं काळ्या तेलानं माखली.

"जळाली नंतर, पयले भिजली. इंजिनाचं मागचं सील फुटेल हाय. तेल सरळ प्लेटवर येते. सील बदलल्याबिगर दहा प्लेटा टाकल्या तरी जळतीन. खाली गळत असन ना? कोनी सांगतलं नाही तुमाले?"

जगदेवनं जुन्या मिस्त्रीला फोन लावून शिव्यांची लाखोली वाहिली. तरी राग उतरेना. लालसिंगनं तीनदा सांगितलं होतं.

सील बसल्यावर दुसऱ्या दिवशी तो मंगरूळपीरला गेला. लालसिंग आता तिथं एका शाळेची व्हॅन चालवायचा; शाळेबाहेर तिची काच पुसत होता.

"चाल. सील फुटलं होतं. गाडी तुहीच हाय," जगदेव म्हणाला.

लालसिंगनं हात थांबवला नाही. "स्टँडवर बोल्ले होते तुमी. महिनाभर एकानंबी मले चावी नाही देली. बैलं हाकनारा म्हनत. अन् इथं येऊन गुपचूप सांगता?"

"मंग काय पाया पडू तुह्या?"

"नोका पडू. जिथं बोल्ले, तिथंच बोला."

परतीच्या वाटेवर जगदेव एकटाच गाडीत बडबडत होता. माह्या हाताखालचा ड्रायव्हर, अन् मले शिकवतो! पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, स्टँड भरलेला असताना, तो जीपच्या पायरीवर चढला आणि भांडायला उठल्यासारखा ओरडला.

"ऐका रे! लालसिंगचा पाय चांगला होता. सील फुटेल होतं. त्यानं तीनदा सांगतलं, मीच ऐकलं नाही. बैलं हाकन्याचं बोल्लो, थे माह्यं तोंड सडेल होतं! हासा आता, कोनाले हासाचं त!"

कोणी हसलं नाही. सगळ्यात जुना ड्रायव्हर बादल तेवढा पुढं आला. त्यानं लालसिंगला फोन लावला आणि जगदेवच्या तोंडापुढं धरला. "त्यालेबी ऐकव."

जगदेवनं दात खाऊन सगळं पुन्हा सांगितलं. पलीकडून "ऐकलं, भाऊ" एवढंच आलं आणि फोन कटला.

लालसिंग त्याच्याकडं परतला नाही. पुढच्या आठवड्यात बादलनं आपली दुसरी जीप त्याच्या हाती दिली. स्टँडवर रांगेत नंबर लागे तेव्हा ती कधीकधी जगदेवच्या अगदी पुढं उभी राहायची. लालसिंग राम राम घालायचा, जगदेवही घालायचा. आणि मग स्टिअरिंगवर बसून धुमसत राहायचा. लालसिंगवर नव्हे; कोणावर, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.